जांभ्यावरचे सरडे

पटावर सहा मुलं उरली, तेव्हा शाळेचं काय होणार हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. आधी बाप मुंबईला, मग आई, पाठोपाठ पोरं. शिक्षिका मी एकटी. तपासणीला साहेब येणार असा निरोप आला आणि मी वेडी आशा धरून बसले, की शाळा जिवंत दिसली तर कदाचित ठेवतील.

तेव्हा वर्गात प्राणी रंगाने कसे लपतात ते चाललं होतं. आमच्या भिंती बिनगिलाव्याच्या, जांभ्या चिऱ्याच्या. कागदाचे सरडे करून त्यांवर लपवायचे होते, पण डबीतला तांबडा रंग चिऱ्याला काही जुळेना. शेवटी पोरांनी चिऱ्याचाच तुकडा पाण्यात घासला, त्यात काजूचा डिंक कालवला आणि तो रंग कागदी सरड्यांना फासून ते भिंतीवर चिकटवले. दुसरीतली मुलगी म्हणाली, "बाई, माजा सरडा तुमाला गावायचाच नाय." आणि खरंच मला तो सापडला नाही. मला कोण आनंद! त्या भरात मी नियम करून टाकला: शिकारी आला की हूं की चूं करायचं नाही, बोट दाखवलं की सरडा मेला.

साहेब आले. चहूकडे बघून म्हणाले, "बाई, बोलक्या भिंती कुठायत तुमच्या? एक चित्र नाही." मी कपाटातून हजेरी काढत होते, तेवढ्यात त्यांनी मुलांनाच विचारलं, "काय रे, चित्रं काढता की नाही?"

सहाही जण गप्प. ओठ घट्ट मिटलेले, नजर चुकूनही भिंतीकडे नाही. साहेबांना त्यांनी शिकारी ठरवलं होतं! मी धावत जाऊन एकेक सरडा दाखवला. साहेब हसले, मनापासून हसले. पण 'मुले बोलत नाहीत' हा शेरा लिहून झाला होता. "राहू दे हो बाई," ते म्हणाले, "पट सहाच आहे. शेऱ्याने काय फरक पडतो?"

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी शाळा बंद करण्याचा आदेश आला. मुलांना पलीकडच्या गावच्या शाळेत घालायचं होतं. मी तो वाचून दाखवला आणि रडू येऊ नये म्हणून खडू आवरत राहिले. दुसरीतली मुलगी जवळ आली. हळूच म्हणाली, "बाई, आमी बोललो असतो तर शाळा ऱ्हायली असती काय?"

मी घाईघाईने नाही म्हटलं, पट सहाच होता म्हटलं, दोनदा म्हटलं. तिने समजूतदारपणे मान हलवली आणि बाकीच्या पाच जणांना जाऊन सांगितलं, "बाई रागावल्या नायत आपल्यावर."