ट्रेबाहेरची वाटी

नेदरलँड्समधल्या लायडनमधले आमचे हे मराठी शेजारी कधी बसतच नाहीत. त्यांच्या येरझाऱ्या बघून मलाच गरगरतं. मध्य अमेरिकेतली, स्पॅनिश लोक येण्याआधीची गावं उकरणं हे त्यांचं काम. "मोठं घर कुणालाही सापडतं हो," ते म्हणतात, "लहान घरं चौकापासून किती लांब होती, ते बघायचं."

रविवारी चिवड्याच्या वाट्या ट्रेमध्ये मांडून, उभ्याउभ्याच ते माझ्या वडिलांना असं एक गाव समजावत होते. वडील नुकतेच साताऱ्याहून आलेले. त्यांनी मध्येच विचारलं, "आणि तिकडे तुमच्या गावात तुमचं घर कुठे?"

शेजाऱ्यांनी सगळ्यात लहान वाटी उचलून ट्रेबाहेर, टेबलाच्या कडेला ठेवली. "इथे," म्हणाले आणि पहिल्यांदाच खुर्चीत बसले.

वडिलांनी ट्रे हळूच स्वतःकडे ओढला. वाटी तिथेच राहिली.