निळूसाठी केलेली जागा

आनंदनगरच्या कारखान्यात रंजना तपासणीच्या पट्ट्यावर बसे. औषधाच्या बाटल्यांची झाकणे तिच्यासमोरून सरकत जात, आणि तिथला नियम एवढाच होता: संशय आला की बाद. काठ जरा दबलेला, रंग किंचित फिका, कडेला केसाएवढी चीर. विचार करायचा नाही. उचलायचे आणि लाल क्रेटमध्ये टाकायचे. विचार करणारीपुढे ढीग साचतो. वांगणीकडच्या खेड्यातून लग्न होऊन ती मोरिवलीत आली, मुलगी शाळेत जाऊ लागल्यावर या पट्ट्यावर बसली, आणि तिचा हात असा काही सरावला की घरी तांदूळ निवडतानाही तिला ताटाकडे पाहावे लागत नसे, असे तिची मुलगी मनाली सांगते. लेकीच्या सांगण्यातली थोडी भर वजा केली, तरी हाताचा वेग खरा होता.

घरात फोनवरचा खेळ आला तो संतोषच्या दुखण्यापायी. संतोष म्हणजे रंजनाचा नवरा, टेम्पो चालवायचा. छातीत कळ येऊन गेल्यावर डॉक्टरांनी त्याला रोज चालायला सांगितले, आणि उभ्या जन्मात त्याने नेमकी तीच गोष्ट टाळलेली. शेवटी मनालीने त्याच्या फोनवर एक खेळ घालून दिला. रस्त्याने चालत राहिले की पडद्यावर चित्रविचित्र प्राणी उगवत. त्यांच्यावर चेंडू फेकून त्यांना पकडायचे आणि साठवायचे. शेपटीचे असोत, पंखांचे असोत की खवल्यांचे, संतोष सगळ्यांना ‘पाखरं’च म्हणे. थोड्याच दिवसांत तो माणूस चपलांचे तळ झिजवू लागला.

तो नेमका कुठवर जात असे, याबद्दल घरात कधीच एकमत झाले नाही. नाक्यावरच्या टपरीपर्यंत जाऊन तिथेच बसायचा, हे रंजनाचे मत. पप्पा पार उल्हासनगरच्या कॅम्प पाचपर्यंत जायचे, हे मनालीचे. संध्याकाळी तो स्वतःही सांगे, आज अमुक वळणावर अमुक पाखरू भेटले म्हणून; पण त्या वेळी रंजनाचे हात पिठात असत आणि तोंडी ‘हं’ एवढेच.

गेल्या वर्षी त्या खेळात निळ्या खवल्यांचे एक पाखरू यायचे होते. एकाच रविवारी, दुपारचे काही तास. एरवी ते कुठेच मिळत नाही. त्याचे परदेशी नाव संतोषच्या जिभेवर बसेना, म्हणून त्याने त्याचा ‘निळू’ करून टाकला. किती दिवस आधीपासून तयारी चालली होती. प्रत्यक्ष तो रविवार उजाडला तेव्हा संतोष इस्पितळात अतिदक्षता विभागात होता. पुढचा रविवार त्याने पाहिलाच नाही.

त्याचा फोन रंजनाने बंद पडू दिला नाही. रोज चार्जिंगला लावायची, पुसून ठेवायची, बस.

यंदा निळू पुन्हा येणार, ही बातमी मनालीने आणली. रंजना भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी उलटून झाल्यावर ती म्हणाली, “मग जाऊ या आपण.”

“आपण? तुला खेळता येतं?”

“तुझ्या बापाला येत होतं, मग मला न यायला काय झालं? त्यांचा तेवढाच एक राहिलाय ना?”

आनंदनगरात साप्ताहिक सुट्टी शुक्रवारची, रविवार कामाचा. म्हणून तिने सुपरवायझर सोनियाकडे रजा मागितली.

“कोणाचं लग्न, रंजनाताई?”

“लग्न नाही, मॅडम. ह्यांचं एक काम राहिलंय.”

सोनियाने रजेच्या अर्जावर सही केली.

मग मनालीची शिकवणी सुरू झाली. चेंडू साठव, पाखरांना चारायची फळे साठव, उदबत्ती जपून ठेव. खेळात एक उदबत्ती असे. ती लावली की पाखरे आपल्याकडे ओढली जात.

“इतकी वर्षं देव्हाऱ्यात लावतेय, एक देव फिरकला नाही,” रंजना म्हणाली. “इथे बरे सगळे धावत येतात!”

कित्येक महिन्यांनी त्या घरात दोघी एकदम हसल्या.

शुक्रवारी सकाळी फोनने सांगितले की साठवायची जागा भरली आहे. मनाली बदलापूरला ऑफिसला निघाली होती, एक पाय सँडलमध्ये.

“आई, हे फुल आहे. निळू पकडलास तरी ठेवशील कुठे?”

“मग काय करू?”

“जागा विकत मिळते, पण कशाला? प्रत्येकाची पॉवर लिहिलेली असते बघ वर. कमीवाले सगळे उडव. पप्पांनी काय वाट्टेल ते भरून ठेवलंय, नुसता कचरा.”

“उडवले की जातात कुठे?”

“जातात. परत नाही येत. बिनधास्त उडव.”

डाळीचा कुकर चढवून रंजना उंबऱ्याशी बसली. पहिले पाखरू सोडताना खेळाने विचारले, नक्की? ती थबकली. दुसऱ्याला पुन्हा तोच प्रश्न. नंतर मात्र प्रश्न मागे पडला आणि हात पुढे गेला. चित्र, आकडा, बाद. चित्र, आकडा, बाद. पानाच्या वरच्या अर्ध्यात दिसे तेवढे पुरे होते. अंगठा खाली सरकवायचे कारणच नव्हते. काहींना संतोषने स्वतः नावे दिली होती. एक ‘शेट’ होता, गलेलठ्ठ. त्याची पॉवर भरपूर, तो राहिला. एक पिटुकला, मोठ्या कानांचा, ‘बारका’. नाव वाचून तिला हसू आले. आकडा अगदीच किरकोळ होता. बारकाही गेला.

शिट्ट्या झाल्या तेव्हा जागा झाली होती. पाळी संपल्यावर स्वच्छ पट्टा पाहून वाटते तसे तिला वाटले.

रविवारी दोघी शेअर रिक्षाने कॅम्प पाचच्या बागेत आल्या. कॉलेजची पोरे, कडेवर तान्हे घेतलेला एक बाप, आणि बाकावर पॉवर बँक मांडून बसलेले भगवानदास. हे सिंधी गृहस्थ जवळच्याच गल्लीत कटपीसचे दुकान चालवत. मनालीच्या हातातला फोन, त्याचे फुटलेले कव्हर पाहून ते उभे राहिले.

“ये तो संतोषभाई का मोबाइल है. आप भाभी ना?”

“तुम्ही ओळखत होता ह्यांना?”

“अरे, रोज का आना था! मेरी दुकान पे पानी पीना, दो गाली सरकार को, एक मेरे को, फिर वापस.”

“बघ,” मनाली आईला कोपराने ढोसत म्हणाली. “टपरीपर्यंत म्हणे!”

रंजनाने हार मानली, आणि हरल्याचे तिला बरे वाटले.

मग निळू आला. आधी एक, मग जिकडेतिकडे. रंजनाने फोन हातात घेतला. तिचे पहिले चेंडू वाया गेले. फेकण्याचा अंदाज येईना. “आई, हळू, झाकण नाहीये ते!” मनाली ओरडत होती. अखेर एक चेंडू बसला, हलला आणि स्थिरावला. निळा प्राणी संतोषच्या फोनवर, संतोषच्या पाखरांत जाऊन उभा राहिला. रंजनाने पदर डोळ्यांना लावला. भगवानदासांनी पेढे आणले होते. त्यांनी आधी तिच्यापुढे पुडा धरला.

“भाभी, अब वो बारका दिखाओ ना,” ते म्हणाले. “मेरी दुकान के सामने पकडा था. फुटपाथ पे ऐसे उकडू बैठ गये थे, पूरी गली हँस रही थी.”

“बारका?”

“हाँ, बडे कान वाला. खोलो उसको, नीचे लिखा है ना सब. कौनसी जगह, कौनसी तारीख. हरेक के नीचे रहता है.”

त्यांनी स्वतःचा फोन उघडून दाखवला. चित्र, आकडा, आणि अंगठा खाली सरकवला तसे गावाचे नाव आणि दिवस. दुसरे पाखरू, दुसरे गाव, दुसरा दिवस.

मनालीने पेढा तसाच हातात धरला होता.

“आई, बारका उडवलास?”

“पॉवर कमी होती त्याची,” रंजना म्हणाली.

भगवानदासांना कळायला क्षणभर वेळ लागला. “गेम की कंपनी को लिखो,” ते म्हणाले. मनालीने नकारार्थी मान हलवली. “तो क्या हुआ, मेरे को याद है. मैं बताता हूँ.” आणि त्यांनी मनापासून सांगितले: उकिडवा बसलेला संतोष, हसणारी गल्ली, पाण्याचा ग्लास. पुन्हा एकदा तेच सांगितले. त्यांची साक्ष त्यांच्या दुकानापुरती होती. उरलेल्या सगळ्या रस्त्यांचे जे साक्षीदार होते, ते शुक्रवारी कुकर होईपर्यंत निघून गेले होते.

परतीच्या रिक्षात मनाली म्हणाली, “मीच सांगितलं ना तुला.”

“तू सांगितलंस. हात माझा होता.”

रंजनाने निळूचे पान उघडले आणि अंगठा खाली सरकवला. उल्हासनगर, आजची तारीख. नोंद अगदी बरोबर होती. त्या नोंदीत संतोष कुठेच नव्हता.

सोमवारी पट्ट्यावर एक झाकण आले, काठाला संशय वाटावा असे. रंजनाने ते उचलले आणि उलटून आतून पाहिले. मग दुसरेही. समोर ढीग साचू लागला.

“रंजनाताई, काय शोधताय त्यात?” सोनिया येऊन म्हणाली. “संशय आला की बाद. तुम्हीच तर पोरींना शिकवता.”

“हो, मॅडम.”

तिने ते क्रेटमध्ये टाकले, आणि हात पुन्हा चालू लागला.

सुटल्यावर ती घरी वळली नाही. नाक्यावरच्या टपरीपाशी जाऊन उभी राहिली. टपरीवाल्याने तिला ओळखले.

“आमचे हे इथे बसायचे ना?”

“बसायला फुरसत कुठली त्यांना? फोनात बघत यायचे, हात करायचे आणि पुढे.”

“पुढे म्हणजे कुठे?”

टपरीवाल्याने चुन्याचे बोट पुसत समोर हात केला. तिथून रस्ता दोन बाजूंना फुटत होता.