मामांची खोली

माझी शाळा सकाळची. दुपार मोकळी असायची, म्हणून घराचं काम माझ्याकडे आलं. तसं कुणी बसून ठरवलं नव्हतं. नवरा सातपूरच्या कारखान्यात, पाळ्या बदलत्या, सुट्टी शनिवारची. प्लॉट म्हसरूळच्या पुढे, आम्ही भाड्याने राहत होतो तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. ठेकेदाराचा पहिला फोन मला आला, मी उचलला, आणि त्यानंतरचे सगळे फोन मलाच येत राहिले. वाळूची गाडी वळत नाही, मॅडम. आज टँकर आला नाही, मॅडम. खिडकीची चौकट उद्या नाही, परवा. वर्गात मुलांना भागाकार शिकवताना टेबलावरचा फोन थरथरायचा आणि मला वाटायचं, आता काय राहिलं असेल.

लोक म्हणतात, स्वतःचं घर स्वतःच्या मनासारखं बांधण्यात मजा असते. असेल. आम्ही नकाशा काढून घेतला तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला, ओट्याची उंची माझ्या उंचीप्रमाणे, वर मुलीसाठी अभ्यासाची खोली. पण नकाशा कागदावर असतो तोवरच आपला असतो. एकदा खोदाई झाली की त्यात सगळ्यांची मतं शिरतात. शेजारचे म्हणाले जिना उलटा घ्या. नणंद म्हणाली देवघर चुकलं. प्लंबर म्हणाला पाइप इथून जाणारच नाही. मी प्रत्येकाचं ऐकून घ्यायचे, मग आर्किटेक्टबाईंना फोन लावायचे, मग ठेकेदाराला, आणि संध्याकाळी नवऱ्याला ते सगळं पुन्हा सांगायचे. तो थकून आलेला असायचा. "तुला योग्य वाटेल ते कर," म्हणायचा. हे वाक्य मला त्या वर्षात नकोसं झालं.

सासरे आमच्याकडेच होते. मी त्यांना मामा म्हणते. मनमाडला रेल्वेत त्यांची नोकरी झाली, तिथल्या क्वार्टरमध्ये त्यांनी संसार केला, माझा नवरा आणि नणंद तिथेच वाढले. निवृत्तीनंतर ते दोघं मनमाडलाच भाड्याच्या घरात राहिले, आणि सासूबाई गेल्यावर मामा आमच्याकडे नाशिकला आले. फ्लॅटमध्ये त्यांचा जीव रमत नसे. टीव्हीसमोर बसायचे, पण बघायचे नाहीत. बांधकाम सुरू झालं तसे ते जरा हलले. भिंतींना पाणी मारायचं काम त्यांनी स्वतःहून मागून घेतलं.

"तू शाळेत जातेस. मी सकाळी जाऊन पाणी मारत जाईन," म्हणाले. "तेवढंच मला काम."

मला हायसं वाटलं. नव्या बांधकामाला दिवसातून दोन-तीनदा पाणी लागतं, नाहीतर सिमेंट पक्कं होत नाही, आणि त्यासाठी माणूस मिळत नव्हता. मामा टोपी घालून सकाळी निघायचे. पाइप धरून शांतपणे एकेक भिंत भिजवायचे. मी दुपारी डबा घेऊन जायचे तेव्हा ते वाळूच्या ढिगाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले असत. आम्ही तिथेच जेवायचो. हे काही आठवडे बरं चाललं.

एका दुपारी मी गेले तर स्वयंपाकघराची एक भिंत निम्मी पाडलेली होती. विटा साफ करून बाजूला रचून ठेवल्या होत्या. मिस्त्री उभा होता. हरसूलकडचा होता तो, बायको आणि भावाला घेऊन कामाला आला होता. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाबांनी सांगितलं, पाडा. मालक म्हणले तर आम्ही काय करणार?"

मामा खुर्चीवर बसले होते. मी विचारलं, "मामा, भिंत का पाडायला लावलीत?"

"तिथे भिंत नाहीये," ते म्हणाले. अगदी सहज.

"नकाशात आहे."

"नकाशा चुकलाय. तिथे मोरी आहे. भिंत घातली तर मोरीत जाणार कसं?"

मला वाटलं, त्यांना नकाशा पटलेला नाही आणि ते आपल्या पद्धतीने सांगताहेत. मला राग आला होता, पण उन्हात उभं राहून सासऱ्यांशी वाद घालण्याइतकं त्राण नव्हतं. मी मिस्त्रीला भिंत पुन्हा बांधायला सांगितलं आणि घरी आले.

संध्याकाळी ठेकेदार फ्लॅटवर आला. देवळ्याकडचा माणूस, अंगाने आडवा, आवाज मात्र हळू. आधी चहा घेतला. मामा गॅलरीत होते. त्यांना ऐकू जाणार नाही याची खात्री करून म्हणाला, "मॅडम, बाबा लय त्रास देऊन राहिले. मी तुम्हाला बोललो नाय, पण हे पहिल्यांदा नाय. परवा दाराची चौकट काढायला लावली. पोरं माझी गोंधळतात. घराला मालक एकच ठेवा."

"मी सांगते त्यांना," मी म्हणाले.

"वाईट वाटून घेऊ नका. माझा बाप असता तर मीपण त्याला काही बोललो नसतो."

सांगायचं काम अर्थातच माझ्यावर आलं. दुसऱ्या दिवशी मी मामांना म्हणाले, की ऊन फार आहे, पाणी मारायला मी दुसरं कुणी बघते. त्यांनी मान हलवली. आणि पुढच्या सकाळी मी शाळेला निघाले, तर माझ्या आधी टोपी घालून ते चपला शोधत होते. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा मान हलवली, जणू पहिल्यांदाच ऐकताहेत. मी कुलूप लावून तर जाऊ शकत नव्हते. ते जात राहिले. मी मिस्त्रीला सांगून ठेवलं, बाबा काही म्हणाले तरी आधी मला फोन करायचा. म्हणजे आणखी फोन.

मग एका शनिवारी माझ्या शाळेलाही सुट्टी होती आणि नवरा मला म्हणाला, आज बांधकामावर मी जातो, तू झोप. मला झोप लागली नाही. दुपारी मी डबा घेऊन गेलेच. बापलेक पुढच्या खोलीत, म्हणजे जिथे पुढे बैठकीची खोली होणार होती तिथे, उभे होते. मामा मिस्त्रीला हाताने दाखवत होते.

"इथे कॉट. इथे ट्रंक. तिकडे शेगडी. दारातून बाहेर पडलं की डाव्या हाताला नळ. नळावर गर्दी असते, म्हणून ही सकाळी लवकर उठते. तिला यायला उशीर होईल, तोवर दार लावू नका."

मिस्त्री माझ्या नवऱ्याकडे बघत होता. मी जवळ गेले तेव्हा नवऱ्याने माझ्या हातातला डबा घेतला आणि विटांवर ठेवला.

"हे आमचं क्वार्टर आहे," तो मला म्हणाला. "नळसुद्धा बरोबर सांगतायत. आई पाणी भरायला जायची तो."

मामांना मी विचारलं, "मामा, कोण येणार आहे?"

"ही," ते म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि गप्प झाले. त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, की आपण काहीतरी चुकीचं बोललो. काय चुकलं ते मात्र त्यांना कळत नव्हतं. "उन्हाचं काही सुचत नाही," म्हणाले आणि खुर्चीवर जाऊन बसले.

त्या दिवशी आम्ही तिघं तिथेच जेवलो. नवऱ्याने भाकरीचा तुकडा बराच वेळ हातात धरून ठेवला होता.

डॉक्टरांकडे गेलो. तपासण्या झाल्या. विसरण्याचा आजार, तो हळूहळू वाढतो, असं त्यांनी सांगितलं. नवीन गोष्टी लक्षात राहणार नाहीत, जुन्या बराच काळ राहतील. घर बदलताना जपा, नव्या जागेत असे पेशंट जास्त गोंधळतात. मी विचारलं, आम्ही घर बांधतोय, त्याचं काय करायचं. डॉक्टर म्हणाले, त्यांची खोली शक्य तितकी ओळखीची ठेवा.

रिक्षात परत येताना नवरा म्हणाला, "क्वार्टरच बांधून देऊ."

मला आधी आठवलं ते हे, की आर्किटेक्टबाईंना पुन्हा सांगावं लागेल, ठेकेदाराला सांगावं लागेल, आणि काम पुन्हा लांबेल. असले विचार त्या काळात माझ्या डोक्यात सगळ्यांच्या आधी यायचे.

खाली मागच्या बाजूला मामांसाठी एक खोली होतीच. तीच बदलायची ठरली. नवऱ्याने बहिणीला फोन लावला, आणि दोघांनी फोनवर लहानपणाची खोली आठवून आठवून जमवली. दार कुठे होतं, खिडकी किती उंचावर होती, तिला गज होते की जाळी, यावरून दोघांत वाद झाला. नणंद म्हणत होती जाळी, नवरा म्हणत होता गज. शेवटी मामांनाच विचारलं. ते म्हणाले, "गज. जाळी नंतर बसवली." तेवढ्यापुरते ते पूर्वीचे होते.

मोरीच्या जागी संडास-बाथरूम घ्यायचं ठरलं, म्हणजे उठल्यावर त्यांचे पाय आपोआप तिकडे वळतील. पण तिथे कॉलम येत होता. ठेकेदार आला, भिंतीला टेकून त्याने सगळं ऐकलं. मला वाटलं आता कटकट करणार. त्याने मिस्त्रीला हाक मारली आणि म्हणाला, "बाबांना विचार, दार हितं का तिथं. ते म्हणतील तसं घे. कॉलमचं मी बघतो."

त्यानंतर ठेकेदार आला की आधी मामांजवळ बसायचा. "बाबा, बरोबर चाललंय ना?" मामा म्हणायचे, "साहेबांना विचारा." कोण साहेब, ते त्याने कधी विचारलं नाही.

मग पाऊस लागला आणि मिस्त्री त्याच्या माणसांना घेऊन भाताच्या लावणीसाठी गावी गेला. ते दरवर्षी जातात, मला माहीत होतं, तरी मी त्याला थांबायची गळ घातली. तो म्हणाला, "भात लावला नाय तर खाऊ काय, बाई." खरंच होतं. काम थांबलं. अर्धवट घरात पाणी साचलं, गच्चीच्या कोपऱ्यात गवत उगवलं. आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये मामांना सांभाळत होतो. ते दिवसातून कितीतरी वेळा टोपी घालायचे, पाणी मारायला निघायचे. पाऊस पडतोय, आज नको, असं मी खिडकीतून दाखवायचे. त्यांना ते पटायचं. थोड्या वेळाने पुन्हा टोपी.

लावणी उरकून मिस्त्री परत आला. पुढचं सगळं मी कसं केलं ते मला नीट आठवत नाही. प्लास्टर, वायरिंग, नळ. दुकानात टाइल्स बघताना मी एकदा खुर्चीवर बसले आणि दुकानदार दाखवेल त्याला हो म्हणत गेले. आलेल्या टाइल्सचा रंग मला आवडला नाही, पण परत पाठवायला मी फोन केला नाही. पूर्वेच्या खिडकीसमोर शेजाऱ्यांची पाण्याची टाकी उभी राहिली. ओटा चार बोटं उंच झाला. मी तोही तसाच ठेवला.

फक्त मामांच्या खोलीत कशालाही 'चालेल' म्हणायचं नाही, एवढं मी पाळलं. सगळ्या घरात चकचकीत टाइल्स आणि त्या खोलीत शहाबादी फरशी, म्हणून फरशीवाल्याने मला दोनदा विचारून घेतलं. रंगारी म्हणाला, असा पिवळट चुना आता कोण मारतं. मी म्हणाले, आम्ही. दाराशेजारी नवऱ्याने स्वतः लाकडाची खुंटी ठोकली. क्वार्टरमधली जुनी लोखंडी कॉट मनमाडला नणंदेकडे राहिली होती, ती तिने टेम्पोत घालून पाठवली.

दिवाळीनंतर आम्ही राहायला गेलो. छोटी पूजा केली, माणसं थोडीच बोलावली. मामा दारात थबकले. हॉलमधल्या गुळगुळीत फरशीकडे बघत राहिले, पाऊल टाकेनात. नवऱ्याने त्यांचा हात धरून त्यांना मागच्या खोलीत नेलं. मी दाराबाहेर उभी होते. त्यांनी खोली पाहिली. सदरा काढला, खुंटीला अडकवला, कॉटवर बसले. मग उठून बाथरूमला गेले. कुणी दाखवलं नव्हतं. नवरा बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसला आणि त्याने तोंड ओंजळीत घेतलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पूजेचे गुरुजी आतून हाक मारत होते.

जमलं, असं मला तेव्हा वाटलं. जमलंही, पण आम्हाला वाटलं होतं तसं नाही. मामा त्या खोलीत शांत असतात. उठतात, तोंड धुतात, खिडकीशी उभे राहतात. पण ती खोली सोडून बाकीचं घर त्यांचं नाही. हॉलमध्ये ते पाहुण्यासारखे येतात, खुर्चीच्या कडेवर बसतात. थोड्या दिवसांनी मी चहा दिला तेव्हा म्हणाले, "बाई, तुमचं घर फार चांगलं झालं. खर्चही बराच झाला असेल."

"झाला थोडा," मी म्हणाले.

"आम्हाला आपलं क्वार्टर बरं. नोकरी आहे तोवर कोण काढतंय." चहा संपवून त्यांनी कप माझ्या हातात दिला, आभार मानले आणि आपल्या खोलीत गेले. एवढे दिवस मला ते पोरी म्हणायचे.

पहिल्यांदा मला ते लागलं. आता सवय झाली आहे. मी त्यांची शेजारीण आहे, शाळेत शिकवते, चहा चांगला करते. नवऱ्याला ते कधी मुलगा म्हणून ओळखतात, कधी ऑफिसातला माणूस समजतात. सासूबाई यायच्या आहेत, असं मात्र आता क्वचितच म्हणतात.

वरच्या मजल्याच्या फरश्या राहिल्यात, गच्चीचा कठडा राहिलाय. परवा ठेकेदाराचा फोन आला होता, मिस्त्री मोकळा आहे, उरकून घेऊ का म्हणून. नवऱ्यालाही वाटतं, उन्हाळ्यात करून टाकावं, मुलगी बारावीला जाईल. मी दोघांना सांगितलं, सध्या नको. मग फोन बंद केला, हॉलमध्ये पडदा ओढून सोफ्यावर आडवी झाले. मागच्या खोलीत मामा कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होते. दुपारची वेळ होती, मला कुठेही जायचं नव्हतं. मला लगेच झोप लागली.