बिनखताचे तुकडे

एका शेतावर वीस वर्षं काढली की किस्से कोठीतल्या कापसासारखे साचतात. एक ओढला की चार मागे येतात. मी अकोल्याजवळच्या कापूस संशोधनाच्या शेतावर बोंडं मोजायला होतो. शिक्षण चौथी. मोजणीत कधी चुकलो नाही.

*

साठ सालच्या आसपास पुण्याहून एक साहेब आले. त्यांची मोठी परीक्षा एका प्रयोगावर अडली होती: नव्या पांढऱ्या खतानं बोंडं वाढतात का? शेताचे तुकडे पाडले. कोणत्याला खत द्यायचं, कोणत्याला काहीच नाही, ते चिठ्ठ्यांवर. चिठ्ठ्या काढायला निंदणाऱ्या गंगाबाईला बसवलं.

ती म्हणाली, "कोनं उपाशी राहाचं, तेबी चिठ्ठीवरच काय?"

साहेब म्हणाले, म्हणजे माझी मर्जी मध्ये येत नाही.

"आली तं काय बिघडते?"

साहेब चष्मा पुसत बसले.

*

मग हातानं फिरवायचं गणिताचं यंत्र आलं. दांडा पुढे फिरवला की बेरीज, उलटा की वजाबाकी. भागाकारात एक फेरा जास्त झाला की घंटी. मॅट्रिक कारकून त्याला हात लावेना. मी लावला. आधी काय, मग काय, दांडा कधी उलटा, हे साहेबांनी ओळीनं लिहून दिलं. महिन्यात कागद पाठ.

घंटी ऐकली की गंगाबाई खिडकीतून विचारायची, "आरती झाली काय, भाऊ?"

*

बोंडांच्या आकड्यांतला फरक खरा की योगायोग, हे कसं ओळखायचं ते मला उमगेना. साहेबांनी भाकरीवर आणलं. रोजची भाकरी थोडी लहानमोठी होतेच. किती लहान झाली म्हणजे पीठ कमी पडलं म्हणायचं?

मी म्हणालो, "ते बायकोच्या तोंडावरून समजते, साहेब."

साहेब म्हणाले, तेच यंत्राला विचारायचं.

*

बोंडं मोजून झाली. खताचे आणि बिनखताचे आकडे जवळपास सारखे! तीनदा दांडा फिरवला. तेच. कारकून म्हणाला, "चौथीचं गनित चौथीवानीच येईन." साहेबांनी तक्ता मिटून ठेवला. ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी बिनखताच्या तुकड्यातलं एक झाड उपटलं. मुळाशी शेणखत. ते कोणाचं, हे विचारायची गरज नव्हती. सांगितलं असतं तर गंगाबाईचं काम गेलं असतं. मी माती सारखी केली आणि गणित माझंच चुकलं असेल म्हणालो. जन्मात पहिल्यांदा.

*

तिसऱ्या दिवशी गंगाबाई ऑफिसच्या दारात उभी.

"भाऊचं गनित बराबर हाये, साहेब. उपाशी तुकड्यायले म्याच शेणखत टाकलं. चिठ्ठ्या मीच काढल्या व्हत्या न."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग विचारलं, "सगळ्यांना?"

"सारखं. दर झाडाले एक मूठ. एकाले कमी, एकाले जास्त, असं नाही केलं."

साहेबांनी तक्ता ओढला. 'बिनखत' खोडलं. वर लिहिलं: 'शेणखत, एक मूठ.'

"फिरवा," मला म्हणाले.

"आकडे तेच येतीन, साहेब."

"येऊ द्या."

मी दांडा फिरवला. घंटी वाजली. दारात गंगाबाईनं हात जोडले.