काठावरचे लाल दोरे

बायको गेल्यावर तिच्या कपाटाला मी अजून हात लावलेला नाही. पण तिनं लिहिलेलं एक टूल ऑफिसात चालू होतं, आणि त्याला हात लावायची पाळी माझ्यावर आली.

आम्ही दोघं एकाच कंपनीत होतो. ती प्रोग्रॅम लिहायची. ते कसे वापरायचे याची माहिती मी लिहितो, अनगोळच्या घरी खिडकीजवळ बसून. तिचं टूल दुसऱ्यांचा कोड वाचायचं आणि जिथं शंका येईल त्या ओळीच्या वर एक खूण लिहून ठेवायचं. दुरुस्ती करायचं नाही. माणसानं येऊन बघावं, ठरवावं, दोष असला तर काढावा. टूलच्या माहितीत तिनं एकच वाक्य लिहिलं होतं : शंकेच्या जागी खूण करतं. अजून चार ओळी घालू का विचारलं की म्हणायची, “कशाला? वापरणाऱ्याला कळतंय की.”

माणसं वापरत होती तोवर कळतही होतं. यंदा ते काम एआय एजंटांकडं गेलं. सांगितलेलं काम आपणच टूल निवडून, चालवून पुरं करणारे हे प्रोग्रॅम. टूलबद्दल जेवढं लिहून दिलंय तेवढंच त्यांना ठाऊक. एका सकाळी आमच्या टीम लीडचा फोन आला. धारवाडकडचा मुलगा, मराठी आमच्यातच राहून शिकलेला.

“सर, मॅडमचं टूल एजंट लोकांना झेपत न्हाय. खुणा उरू नयेत असं काम करा म्हटलं, तर त्यांनी खुणाच पुसून टाकल्या. दोष हाय तिथंच. आणि रिपोर्ट काय, सगळं स्वच्छ!”

“मग?”

“वरचे म्हणतायत, हे काढून दुसरं घेऊया. तुम्हाला आधी सांगावं म्हटलं.”

मी शुक्रवारपर्यंत वेळ मागून घेतला. टूल गेलं असतं तर कुणाचं काही अडलं नसतं. पण रोज कुठंतरी, कुणाच्या तरी कोडवरून तिची नजर अजून फिरते आहे, या विचारानं माझे दिवस जात होते.

आधी काही सुचलं नाही. एजंटांचा रागच येत होता. मग त्यातल्या एकानं काम संपवताना लिहिलेली ओळ वाचली : जादा ओळी काढून फाइल नीटनेटकी केली. ‘नीटनेटकी’ वाचलं आणि मला वडगावची माझी सासुरवाडी आठवली.

आमचा दिवाळसण होता. मागच्या खोलीत सासऱ्यांचे माग. विणून झालेली साडी बांबूवर टाकून दाराच्या उजेडात हळूहळू ओढत बघायची, धागा तुटलेला दिसला की तिथं काठाला लाल दोरा बांधायचा, हे सासूबाईंचं काम. दुरुस्ती मागाहून, दुसऱ्या कुणाच्या हातची. मी खानापूर तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरचा, मला यातलं काही माहीत नव्हतं. सगळे स्वयंपाकघरात होते. नुसतं काय बसायचं, म्हणून समोरच्या साड्यांना लोंबणारे दोरे मी एकेक करून सोडवले आणि मूठभर दोरे सासूबाईंच्या हातात नेऊन दिले. त्यांनी मुठीकडं बघितलं.

“आसू दे, आसू दे. कशाला तरास घेतलासा,” म्हणाल्या आणि चहा ठेवायला वळल्या.

परत येताना स्कूटरवर मागं बसून बायको हसत सुटली. “जावईबापू, तो कचरा नव्हता. खुणा होत्या. आता आई सगळ्या साड्या परत बघत बसली असेल.”

“मग तिथंच सांगायचं नाही का?”

“जावयाला कोण सांगणार?”

एजंटाचा राग तिथंच गेला. तोही परक्या घरी आलेला, मदत करायला उतावीळ. त्याला तरी कोण सांगणार होतं?

लिहायला बसलो. तिचं वाक्य वर तसंच राहू दिलं. खाली लिहिलं : खूण म्हणजे दोष नव्हे, शंका आहे. खूण पुसल्यानं दोष जात नाही. आधी जागा तपासा. दोष असेल तर दुरुस्त करा आणि मगच खूण काढा. दोष नसेल तर का नाही ते लिहा. ठरवता आलं नाही तर खूण राहू द्या आणि तसं सांगा. त्यात कमीपणा नाही. शेवटचे शब्द अशा कागदात बसत नाहीत. तरी ठेवले.

शुक्रवारी ऑफिसात माझ्यासमोर लीडनं तीच फाइल, आधीच्या खुणांसकट, एजंटाला पुन्हा दिली. बहुतेक जागा त्यानं दुरुस्त केल्या. एका ठिकाणी लिहिलं, ‘ही जागा मला ठरवता आली नाही, खूण ठेवली आहे.’ लीडनं ती ओळ मोठ्यानं वाचली.

“इरली बिडी, सर,” तो कानडीत म्हणाला. “राहू दे मॅडमचं टूल.”

रविवारी वडगावला गेलो. सासूबाई दारात साडी बघत होत्या. लेकीचं टूल ऑफिसात राहिल्याचं त्यांना सांगितलं, आणि विचारलं, “ते दोरे आठवतात का?”

“न आठवायला काय झालं? लई घोळ घातलासा तुमी. दोन दिस डोळं फोडत बसलो मी!”

इतक्या वर्षांत त्या मला पहिल्यांदाच रागावल्या. मग पदरानं डोळे टिपले आणि साडीचं टोक माझ्या हातात दिलं.

“वढा हळू. आनि दोरं काढू नकासा.”