पिठातलं पाऊल

माझ्या मुठीनं गौरीची पावलं फार देखणी उमटायची. हे मी स्वतःच्याच तोंडानं सांगते, कारण घरातलं दुसरं कुणी आता तो विषय काढत नाही. तांदळाच्या पिठात मूठ बुडवायची, करंगळीकडची बाजू जमिनीवर टेकवायची आणि वर बोटाच्या टोकानं पाच ठिपके द्यायचे. झालं लहान मुलाचं पाऊल. टोकावड्याच्या पुढं, रस्ता सोडून आत असलेल्या आमच्या गावात आठ-दहा घरांतून मला गौरीच्या दिवशी बोलावणं यायचं. अंगणवाडीत शिकवायचे, लग्न झालेलं नव्हतं, तोंडाळ म्हणून प्रसिद्ध होते. पण पावलांसाठी सगळ्यांना मीच लागायची.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. गौरी जाऊन महिना झाला होता. माझ्या भावाचा चार वर्षांचा मुलगा वहिनीच्या मागोमाग खाचराच्या बांधावरून चालला होता. वहिनीच्या डोक्यावर गवताचा भारा. रोज ती चालता चालता ओरडायची, "बघून चाल रे!" त्या दिवशी ओरडली नाही. का नाही, ते तिलाही सांगता येत नाही. पोराचा उघडा पाय घोणशीवर पडला. भाऊ मुरबाडला कंपनीत कामाला होता. शेजारच्यानं जीप काढली, पण मुरबाडच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच पोर वहिनीच्या मांडीवर गेलं.

त्यानंतर वहिनी जेवलीच नाही. पाणी प्यायची, आणि कुणी फारच मागं लागलं तर चहात बुडवून पावाचा तुकडा. मी रागावले, हातापाया पडले, एकदा तर जबरदस्तीनं घास कोंबला, तो तिनं तसाच तोंडात धरून ठेवला आणि मी वळल्यावर थुंकला. मला इतकी भीती वाटली की मी मागच्या दारी जाऊन रडले.

आमच्याकडे माणूस गेलं की दहाव्याच्या संध्याकाळी, त्याला शेवटचं निजवलं असेल त्या जागी चाळलेलं पीठ पसरतात, शेजारी दिवा लावतात आणि वर टोपली पालथी घालतात. सकाळी टोपली उचलून बघायचं. पिठात ज्याचा माग दिसेल त्या जन्माला माणूस गेलं. पाखराचा पाय, मांजराचा पंजा, कधी नुसती रेघ. एवढ्या लहान पोराचं हे कुणी करत नाही. पण वहिनी माझ्या आईला म्हणाली, "माणसाचं पाऊल दिसलं तर जेवीन. नायतर मला काय नको." आईनं मुकाट्यानं माजघराच्या भिंतीकडेला पीठ पसरलं.

चूल पेटवायला घरात पहिली मीच उठायची. त्या दिवशीही उठले. फटफटायला लागलं होतं. नुसतं बघायचं म्हणून मी टोपली उचलली.

पाऊल नव्हतं. भिंतीच्या फटीतून मुंग्यांची रांग आली होती. पिठातून आडवी जाऊन पुन्हा फटीत शिरली होती. त्यांनी पाडलेली वाट दोऱ्याएवढी बारीक, वळणावळणाची. बाकी सगळं पीठ सपाट.

मी फार विचार केला असं खोटं कशाला सांगू? पदराच्या टोकानं मुंग्या झटकल्या, तळहातानं पीठ सारखं केलं आणि मूठ टेकवली. पाच ठिपके दिले. दुसरं पाऊल काढणार, तेवढ्यात आई खोकली. टोपली तशीच झाकून चुलीपाशी जाऊन बसले आणि जोरजोरात फुंकणी फुंकायला लागले.

"माणसाचं हाय! पोराचंच हाय गो!" आईची किंकाळी अजून कानात आहे. वहिनी सरपटत आली. तिनं त्या पावलाकडे बघितलं, हात लावायला गेली आणि मागं घेतला. मग चुलीकडे तोंड करून म्हणाली, "वन्सं, भात वाढा." तिचं जेवण होईपर्यंत मी समोर बसून होते. असं वाटत होतं की आयुष्यात एक चांगलं काम केलं. खरंच तसं वाटत होतं.

पाऊल एकच का, यावर गावात आठवडाभर चर्चा झाली. शेवटी असं ठरलं की एक पाय पलीकडे आहे, दुसरा या घरात पडलाय, तर फार दिवस लागणार नाहीत. आणि पुढच्या लावणीत वहिनीला मुलगी झाली. झालं! कुणाला काही शंकाच उरली नाही.

मला तेव्हा काय ठाऊक, की त्या पोरीला आयुष्यभर दुसऱ्याचे कपडे घालावे लागतील? वहिनी तिला त्याच्याच नावानं हाक मारायची. 'आला', 'गेला', 'जेवला'. त्याची चड्डी, त्याचा सदरा, त्याला आवडायची म्हणून रोज नाचणीची भाकरी. पोरीला नाचणी बघूनच मळमळायचं. बांधावर पाऊल टाकायची बंदी. शाळेत पोरं तिला चिडवायची, ती त्यांना बदडून यायची, आणि वहिनी कौतुकानं म्हणायची, "तो पण असाच मारकुटा होता." ती सापाला घाबरत नव्हती. वहिनी म्हणाली, मागच्या जन्मी चावला, आता भ्या संपलं. घाबरली असती तरी हेच म्हणाली असती, कारण मागच्या जन्मी चावला! या हिशेबातून पोरीला सुटका कुठून होती? पोरगा गेला त्या वर्षापासूनच मी गौरीची पावलं काढणं बंद केलं होतं. हात दुखतो म्हणून सांगायचे.

सातवीत ती शाळेत पहिली आली. शहापूरला मुलींच्या वसतिगृहात नाव लागलं, तिथं राहून आठवीपासून पुढं शिकता आलं असतं. वहिनीनं एका शब्दात मोडीत काढलं. "एकदा नजरेआड केला, पुन्हा नाय करायचा." पोर दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्यापाशी येऊन म्हणाली, "आत्या, मी मेल्यावर पीठ घालतील ना, त्यात त्याचंच पाऊल येईल. माझं कधी येणारच नाय." तेरा वर्षांची पोर! तरीही मी तोंड उघडलं नाही. सगळ्या गावाला तोंडावर सुनावणारी मी, एवढ्याशा गोष्टीला भ्याले.

त्याच उन्हाळ्यात वहिनीला कळलं की शहापूरला एक जण संमोहन करून मागचे जन्म काढतात. शहरातून निवृत्त होऊन आलेले, हायवेच्या अलीकडे बंगला बांधून राहिलेले गृहस्थ. सगळे त्यांना डॉक्टर म्हणत, कशाचे ते विचारायचं कुणाला सुचलं नाही. ते संशोधन करत होते, भिंतभर कॅसेटी होत्या. वहिनीला वाटलं, तिथं तो स्वतःच्या तोंडानं बोलेल, मग शिकायला जायचं खूळ पोरीच्या डोक्यातून जाईल. मुरबाडहून शहापूरची एसटी पकडून आम्ही तिघी गेलो. पोरगी आढेवेढे न घेता निघाली, याचं मला नवल वाटलं होतं.

माणूस वाईट नव्हता. पंखा लावला, पन्हं दिलं, आम्हाला सगळं समजावून सांगितलं. शरीर सुटल्यावर आत्मा लगेच जन्माला येत नाही, म्हणाले. दोन जन्मांच्या मधे एक जागा असते, तिथं तो थांबतो. माझ्या मनात मुरबाडचा एसटी स्टँड आला. वहिनीनं मात्र पदर सावरत विचारलं, "तिथं जेवायला मिळतं का?" डॉक्टर जरा गोंधळले. मग म्हणाले, "तिथं भूक नसते, बाई." वहिनीनं मान हलवली. तिला ते पटलं नाही हे मला दिसलं.

पोरीला कॉटवर निजवलं. डॉक्टरांचा आवाज हळूहळू खाली गेला. पायऱ्या उतर, अजून एक, अजून एक. दुपारचं ऊन पडद्यातून गाळून येत होतं, टेपचं चाक फिरत होतं. पोरीचा श्वास लांब झाला. मलाच डुलकी येईलसं वाटायला लागलं.

"आता तू जन्माच्या अलीकडे आहेस," डॉक्टर म्हणाले. "कुठं आहेस?"

"पांढऱ्यात," पोर म्हणाली. आवाज तिचाच, पण सपाट.

डॉक्टरांनी भराभरा लिहून घेतलं. त्यांना प्रकाश दिसला असावा. मला पीठ दिसलं.

"आणखी कोण आहे तिथं?"

"मुंग्या."

मी हातातला पन्ह्याचा पेला खाली ठेवला.

"मुंग्या आलेल्या. आत्यानं पुसल्या. मग मूठ मारली."

"तू त्या घरात कसा आलास? आईकडे कसा आलास?"

"मी नाय आलो. ते पाऊल माझं नव्हतं. आत्याचं होतं."

डॉक्टर पुढचा प्रश्न शोधत होते. वहिनी माझ्याकडे वळली. "वन्सं? काय बोलतंय पोर?"

झोपेत बडबडते म्हटलं असतं की सगळं निभावलं असतं. वहिनीचा मुलगा तिच्यापाशी राहिला असता, मी चांगली राहिले असते. मी पोरीकडे बघितलं. डोळे मिटलेले, पण हाताचा अंगठा मुठीत इतका घट्ट धरलेला की बोटं पांढरी पडली होती.

"खरं हाय, वयनी," मी म्हणाले. "पाऊल मीच काढलं. तू जेवत नव्हतीस."

वहिनी ओरडली नाही. मला मारलं असतं तर बरं झालं असतं. बराच वेळ ती माझ्या हाताकडेच बघत होती. मग तिनं विचारलं, "मग माझं पोर कुठाय?"

डॉक्टरांनी घसा साफ केला. "असं बघा बाई, आत्म्याचा प्रवास..."

"तुमी गप बसा जरा!" मी त्यांच्यावर खेकसले. त्यांचा काय दोष होता? पण कुणावर तरी ओरडायला हवं होतं.

येताना वहिनी एसटीत वेगळ्या बाकावर बसली. मुरबाडला गाडी बदलायला उतरलो, तेव्हा तिनं पोरीला हाक मारली. शाळेच्या हजेरीपटावर होतं त्या नावानं, पोरीच्या स्वतःच्या नावानं, पहिल्यांदाच. पोरीनं वळून बघितलंच नाही. सवय नव्हती. वहिनीला दुसऱ्यांदा हाक मारावी लागली, आणि ती हाक ऐकताना माझी मान खाली गेली.

जूनमध्ये पोरीला वसतिगृहात सोडायला मीच गेले. वहिनीनं तिच्या डब्यात गव्हाच्या पोळ्या दिल्या होत्या. ट्रंक कॉटखाली सरकवून झाल्यावर पोर माझ्याजवळ बसली आणि हळूच म्हणाली, "आत्या, रागावू नको. मी तिथं झोपले नव्हते."

"काय?"

"डोळे मिटून पडले होते नुसती. ते पायऱ्या-बियऱ्या सांगत होते, मी आपली ऐकत होते."

"मग तुला मुठीचं कळलं कुठून?"

"गौरीच्या दिवशी सगळ्या बाया सांगतात ना, पावलं काढावीत ती तुझ्या आत्यानं. आणि तू काढत नायस. कधीपासून काढत नायस, ते विचारलं आजीला. तो गेला तेव्हापासून." तिनं खांदे उडवले. "आणि हात दुखतो म्हणतेस, पण भांडी तर दोन हातांनी आपटतेस."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. घाटातल्या माकडासारखी हुशार पोर. मी तिच्या डोक्यावर टपली मारली. "आणि मुंग्यांचं गं? ते कुणी सांगितलं?"

"कसल्या मुंग्या?"

"तूच नाय का म्हणालीस? मुंग्या आल्या होत्या, आत्यानं पुसल्या."

"मी मुंग्यांचं कशाला बोलेन?" ती माझ्याकडे बघत राहिली. खोटं बोलताना तिचा डावा डोळा बारीक होतो, मला ठाऊक आहे. दोन्ही डोळे सताड उघडे होते. "आत्या, पिठात मुंग्या होत्या का?"

मी पिशवी उचलली आणि स्टँडवर आले. परतीची एसटी भरलेली होती, उभ्यानंच आले, आणि सगळ्या रस्ताभर एकच विचार डोक्यात. ते पीठ मी घातलं नव्हतं, माग मी मागितला नव्हता. आईनं विचारलं होतं आणि उत्तर आलं होतं, एवढंसं, दोऱ्याएवढं. मी ते पदरानं झटकलं. त्यातली एखादी माझ्या पायाखाली आली असेल का? हे माझ्या तेरा वर्षांत एकदाही मनात आलं नव्हतं. त्या दिवसापासून एकही दिवस त्याशिवाय गेला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीसारखी चूल पेटवायला उठले. फटफटत होतं. माजघरात भिंतीकडेला वहिनी उकिडवी बसली होती. शहापूरहून आल्यापासून ती माझ्याशी कामापुरतंही बोलली नव्हती. तिच्या तळहातावर चिमूटभर पीठ होतं, त्यात थोडी साखर. ती ते फटीपाशी हळूहळू सोडत होती. फटीतून रांग बाहेर आली होती.

तिथं भूक नसते, असं त्या माणसानं तिला सांगितलं होतं. तिला पटलं नव्हतं ते उगाच नाही.

मी दारात थांबले. मग चुलीकडे जायला पाय उचलला, तशी ती न बघताच म्हणाली,

"बघून चाला, वन्सं. पाय पडंल."

मी भिंतीला हात धरून लांबून गेले. अजूनही तशीच जाते.