बंदूक आबांची, दारू आमची

लग्न होऊन मी पासलीला आले, त्या पहिल्याच आठवड्यात शेजारचे आबा आमच्या दारात उभे राहिले आणि सासूबाईंना म्हणाले, "वैनी, जरा दारू द्या." सासूबाईंनी पदर सावरत "कशाला?" म्हणून विचारले, आबांनी काहीतरी सांगितले, आणि सासूबाईंनी खरोखरच आतून दारू आणून दिली. मी भोरच्या शाळामास्तरांची मुलगी. आमच्याकडे चहासुद्धा व्यसनात धरत. चुलीपुढे बसून मी मनात म्हटले, बाबा, कुठल्या घरात दिलीत मला!

ती दारू बंदुकीची होती, हे मला संध्याकाळी शिवारात बार वाजला तेव्हा कळले. मी दचकून हातातली परात टाकली आणि सासूबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. पुढे दिवाळसणाला मला न्यायला बाबा आले, तेव्हा ते ओट्यावर बसलेले असताना आबा नेमके दारू मागायला आले. बाबा ताडकन उठले आणि म्हणाले, "चल, पेटी भर." आबांनी त्यांना हाताला धरून बसवले, दारू भरून ठेवायचे बैलाचे शिंग त्यांच्या नाकाशी नेले आणि म्हणाले, "मास्तर, वास घ्या. चढतीय का बगा." त्या दिवसापासून दोघांचे मेतकूट जमले.

आबा आमच्या भावकीतले. उंच, वाळलेले, डोक्याला भलेमोठे मुंडासे. बंदूक उडवून उडवून त्यांचा उजवा कान गेला होता आणि त्याचा त्यांनी पुरेपूर फायदा करून घेतला होता. स्तुती करणाऱ्याकडे डावा कान व्हायचा, काही मागणाऱ्याकडे उजवा. गावात बंदूक एवढी एकच. एका नळीची, ठासणीची, म्हणजे दर बाराला नळीत दारू ठासावी लागणारी, आबांच्या खांद्याएवढी उंच. रानडुकरांपासून भाताची आणि नाचणीची राखण करायला भोर संस्थानचा परवाना होता. तो कागद आबा वेळूच्या नळीत घालून देवघरात ठेवायचे. दरवर्षी त्यावर नवा शिक्का घ्यायला बंदूक घोंगडीत गुंडाळून वेल्हे, विंझर, नसरापूर करत भोरला चालत जायचे. परत येताना माझ्या माहेरी डोकवायचे आणि आईने दिलेली पुरचुंडी न सोडता माझ्या हातात आणून ठेवायचे. फडक्याची गाठ जशीच्या तशी असायची. त्या पुरचुंडीसाठी मी वर्षभर त्यांच्या परवान्याची वाट पाहत असे.

पण बंदूक आबांच्या घरात असताना दारू आमच्या खुंटीवर का, हे मला कुणी सांगेना. शेवटी आबांनीच सांगितले. त्यांच्या वडलांच्या भातात आमची गाय तीनदा शिरली. तिसऱ्या खेपेला त्यांनी रागाच्या भरात बार काढला. गाय तिथेच पडली. वडलांनी गळ्यात त्याच गाईचे दावे अडकवून गावोगाव भिक्षा मागितली, प्रायश्चित्त केले, आणि परत आल्यावर दारूचे शिंग आमच्या घरी आणून दिले. "ज्याची गाय, त्याच्याकडं दारू," एवढेच ते म्हणाले. आबा म्हणायचे, "बंदुकीला राग कळत न्हाई, सूनबाई. आपल्याला बी लई उशिरा कळतो. तवर चार पावलं चालाय लागावीत."

सासूबाईंनी मला ते शिंग सोपवले तेव्हा नियमही सोपवला. "रोजचं मागनं असलं तरी 'कशाला' इचारायचं. आन् त्येंनी तोंडानं सांगितल्याबिगार हात पुढं करायचा न्हाई." मला ते पोरखेळासारखे वाटायचे. आबा म्हणायचे, "डुकरं आलीत." मी एका बाराची दारू मोजून द्यायचे. मग दोघेही हसायचो.

आबांचा मुलगा सखाराम फौजेतून आला, तो वेगळेच वारे घेऊन आला. देवळापुढे गावासमोर म्हणाला, "दर घरात बंदूक पायजे. कागद कशाला लागतो? ज्येला शेत हाय, त्येला राखायचा हक्क हाय." तरुण पोरांनी माना डोलावल्या. मलाही त्याचे पटले होते, कारण त्या साली आमची नाचणी डुकरांनी नांगरल्यासारखी केली होती. आबांनी डावा कान पुढे केला. "फौजेत बंदुका समद्यांकडं हुत्या न्हवं?"

"व्हय."

"आन् गोळ्या?"

"त्या कोठीत. कुलपात. सुभेदारानं सांगितलं की मिळायच्या."

"मंजी तुजी फौज बी आमच्या वैनीच्या खुंटीवानीच की रं!" आबा म्हणाले आणि देऊळ हसून दणाणले. सखाराम चार दिवस बापाशी बोलला नाही.

म्हणून कुणी आबांना सरकारच्या बाजूचे समजू नये. लढाईच्या दिवसांत हुकूम आला, सगळ्या बंदुका कचेरीत जमा करा. आबा भोरला गेले आणि तिथल्या अंमलदारांशी भांडले. "साहेब, डुकराला बी ह्यो कागद वाचून दाखवा. आन् तुमचं कुलूप लई भारी आसंल, पर त्येला 'कशाला' इचाराय येतं का? आमच्या वैनीला येतं." अंमलदार हसले, पण बंदूक ठेवून घेतली. त्या हंगामात आबांनी पत्र्याचा डबा बडवून राखण केली आणि निम्मे भात गेले. बंदूक परत मिळाली तेव्हा ते तिच्याकडे रागाने बघायचे, जणू तीच त्यांना सोडून माहेरी जाऊन राहिली होती.

त्याच्या पुढच्या लावणीत बांधाचे भांडण झाले. आमच्या मामंजींनी वरचा बांध फोडून पाणी आपल्या खाचरात घेतले. आबांची रोपे उघडी पडली. तोंडातोंडी झाली आणि मामंजी, इतक्या माणसांत, बोलू नये ते बोलले. "जा, जा! बापासारकं दावं घाल गळ्यात आन् हिंड!"

सासूबाई वेल्ह्याला बाजारला गेल्या होत्या. मामंजी घरी येऊन माजघरात बसले आणि मागोमाग आबा दारात आले. अंगावर गुडघ्यापर्यंत चिखल. हातात बंदूक. ती कधीच दारापर्यंत आणायची नाही, हा त्यांचाच नियम होता.

"सूनबाई, दारू द्या."

मामंजींनी सगळे ऐकले होते, पण ते जागचे हलले नाहीत. शिंग त्यांच्या डोक्यावरच्या खुंटीला होते. नाही म्हणायची आमच्या घराची रीत नव्हती. माझ्याजवळ एकच शब्द होता.

"कशाला, आबा?"

आबांनी तोंड उघडले. मिटले. पुन्हा उघडले. 'डुकरं आलीत' एवढे म्हणायचा अवकाश, मी दिली असती. माझी काय बिशाद होती! पण या माणसाने त्या उंबऱ्यावर आयुष्यात खोटे सांगितले नव्हते. आणि खरे त्यांना माझ्यापुढे बोलवेना. मग ते खाली बसले, बंदूक ओट्याला टेकवली आणि म्हणाले, "डुकरं म्हनलं तर खोटं हुईल, पोरी. पानी दे." त्यांनी मला 'पोरी' म्हटले ते त्याच दिवशी. मी तांब्या दिला. पाणी पिता पिता ते रडत होते आणि आत मामंजी भिंतीकडे तोंड करून बसले होते.

दोघे त्यानंतर तीन वर्षे, आबा जाईपर्यंत, बोलले नाहीत. मामंजींनी दुसऱ्याच दिवशी गुपचूप बांध घातला, पण तोंडाने चुकलो म्हणाले नाहीत. अशी ही आमची भावकी! एक मात्र झाले. दारूचे शिंग दुसऱ्या घरी ठेवावे, असे आबांच्या मनात एकदाही आले नाही. ते दारात यायचे, मी "कशाला?" विचारायचे, ते "डुकरं" म्हणायचे. हसणे मात्र बंद झाले होते. आता तो पोरखेळ राहिला नव्हता.

आबा गेले ते आठ दिवसांच्या तापाने. परवाना त्यांच्या नावाचा, त्यांच्याबरोबर संपला. सखारामने नवा मागितला नाही. दहावे-बारावे झाल्यावर मामंजी आयुष्यात पहिल्यांदा काही मागायला त्या घराच्या दारात जाऊन उभे राहिले. "सखा, बंदूक दे."

सखारामने त्यांच्याकडे पाहिले. "कशाला, काका?"

"भोरला कचेरीत पोचवायची हाय. आबाचं काम राह्यलंय." मग मामंजी उंबऱ्याशी खाली बसले. "आन् तुज्या बापाला म्या जे बोललो, त्ये चुकलो. त्येच्या देखत बोलाय पायजे हुतं."

परवाना उरला नव्हता, म्हणून गावच्या पाटलांची चिठ्ठी घेऊन दोघे भोरला निघाले. मी शिंग काढून मामंजींना देऊ लागले, तर त्यांनी हात मागे घेतला. "दोनी एका हातात नगं." मग बंदूक मामंजींच्या खांद्यावर आणि दारू सखारामच्या कमरेला, असे ते गेले. मामंजी पुढे, सखाराम वीस-पंचवीस पावलांवर मागे. विंझरपर्यंत तेवढेच अंतर होते, असे सखाराम सांगायचा. नसरापूरला एका पानातून भाकरी खाल्ली.

कचेरीने बंदूक घेतली, दारू घेतली. शिंग कागदावर लिहिलेले नव्हते, म्हणून ते रिकामे परत आले. मी ते अडगळीत टाकायला निघाले, तर मामंजी ओट्यावरून म्हणाले, "खुंटीलाच राहू द्या, सूनबाई. कुणी मागाय आलंच, तर 'कशाला' इचाराय तरी हुईल."